कुंडी आणि लांडगा

2019 च्या उन्हाळ्यात माझ्या हातून एक पुण्यकर्म घडले आणि त्याचा विचार अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

आमचे गाव कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या कडेला आहे. अभयारण्य लहानच, सुमारे 18 चौरस किलोमीटरचे. उघडे, गवताळ, काळविटांसाठी राखलेले. पण काळविटाला हद्द थोडीच कळते! त्या वर्षी नाले आटले, गवताची काडी उरली नाही आणि कळप गावच्या गायरानापर्यंत येऊ लागला. कारंज्यात जैन भट्टारकांच्या गाद्या होत्या. जीवदयेचा शब्द आमच्याकडे जुना. मी वर्गात नुसता विषय काढला मात्र, मुलांनी घरोघरून कुटार, कडबा, मूठ मूठ ज्वारी आणली. गायरानात सिमेंटची एक कुंडी ठेवून रोज संध्याकाळी आम्ही ती भरू लागलो. आठच दिवसांत कळप वेळेवर हजर होऊ लागला. शाळेची घंटा यांनाही ऐकू जाते की काय, असे आम्ही हसून म्हणत असू.

काळविटाचा सारा बचाव उघड्या माळावर असतो. पांगून चरायचे, एकाने मान खाली घातली तर दुसऱ्याने वर ठेवायची आणि संशय येताच उड्या घेत सुटायचे. आमच्या कुंडीने हे सगळे मोडले. 40-50 जनावरे एका जागी, रेटारेटीत, माना खाली; शिवाय वेळ ठरलेली. लांडगा काही मूर्ख नव्हे. रात्रभर माळ तुडविण्यापेक्षा समोरून वारा येईल अशा बेताने नाल्यात दडून राहणे त्याला परवडते.

एका सकाळी कुंडीपासून शंभर पावलांवर एक मादी फाडलेली सापडली. सहावीतला एक मुलगा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, आपनच बलावलं नं तिले इथं?”

मी त्याला निसर्गाचा नियम सांगितला. तो गप्प झाला. पटले मात्र नव्हते. मलाही नव्हते.

पूर्वीचे शिकारी मचाणासमोर रेडकू बांधीत, उन्हाळ्यात पाणवठ्यावर दबा धरून बसत. त्यांचा हेतू मारण्याचा, आमचा जगविण्याचा. नीतिविचार या फरकाला मोठी किंमत देतो, आणि ती द्यावीही. पण नाल्यातल्या लांडग्याला दोन्ही सारखीच. शिवाय अशी दया एकदा सुरू केली की सोडवतही नाही. अमेरिकेत वायोमिंगमध्ये हिवाळ्यात उपाशी मरणाऱ्या एल्क हरणांसाठी 1912 साली राखीव जागा झाली आणि तेथे चारा टाकू लागले. हरणे वाचली, पण चाऱ्यावरच्या गर्दीत ब्रुसेलोसिसचा रोग पसरत राहिला, आणि चारा बंद करावा तर त्यावर पोसलेल्या कळपाचे काय, हा पेच पडला.

आणि लांडग्याचे काय? त्याचीही पिले वाट पाहत असतील. मी पंगत मांडली ती फक्त हरणांची; का, तर त्यांचे डोळे सुंदर आहेत, एवढेच कारण प्रामाणिकपणे सांगता येते.

कुंडी एकदम बंद करण्याचे धैर्य मला झाले नाही. सवय आम्हीच लावली होती. ज्वारी थांबवली. रवंथ करणाऱ्या जनावराला एकाएकी धान्य सोसत नाही, हे मला मागाहून कळले. कुटार थोडे थोडे, रोज निराळ्या जागी, निराळ्या वेळी विस्कटून टाकू लागलो आणि पाऊस पडताच तेही सोडले. त्यानंतर किती हरणे गेली, हे मी मोजले नाही. मोजायला गेलो नाही, हे अधिक खरे.