औषधाची मात्रा आणि पाचवे शील



पाचवे शील आपण विहारात नेहमी ग्रहण करतो. दारू सोडली म्हणजे ते पाळले, असे आपण समजतो. परंतु डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घेणे हा शीलभंग होय काय? आणि तीच गोळी मनाला येईल तशी घेतली तर?

याचे उत्तर विनयपिटकाच्या महावग्गात आहे. पिलिन्दवच्छ नावाचे भिक्खू वातविकाराने आजारी होते. तेल कढवून त्यात मद्य घालावे, असे वैद्यांनी सांगितले. तथागतांनी अनुज्ञा दिली. पुढे काही भिक्खूंनी त्यात भरमसाट मद्य घातले, ते प्याले व झिंगले. तेव्हा तथागतांनी औषध बंद केले नाही, त्याला मर्यादा घातली. ज्यात मद्याचा रंग, वास व चव जाणवणार नाही तेच तेल प्यावे. जास्त मद्य पडलेले तेल अंगाला चोळावे. वस्तू एकच, गरज, मात्रा आणि हेतू यांवरून ती औषध ठरते किंवा नशा ठरते.

आज ट्रॅमाडॉलचेच पाहा. हे अफूच्या जातीचे औषध. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेत ते उपकारक आहे. परंतु ओझी वाहून अंग ठणकते म्हणून रोज घेतले, तर शरीराला सवय जडते आणि तेवढ्या गोळीने भागेनासे होते. २०१८ साली भारतात ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतल्यास श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. साध्या पॅरासिटामॉललाही मर्यादा आहे. मोठ्या माणसाने दिवसाला ४ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांच्या पुढे गेल्यास यकृताला इजा पोचू शकते; दारू पिणाऱ्याची मर्यादा याहून कमी. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही तेच औषध असते, हे विसरू नका.

दुसरे टोकही वाईटच. कर्करोगाच्या रोग्याला डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले, तरी व्यसनाच्या भीतीने घरची माणसे ते देत नाहीत. रोग्याला तळमळत ठेवणे हे शील नव्हे. तिथे करुणेचा अभाव आहे.

शुश्रूषेस अवघड अशा रोग्याची लक्षणेही महावग्गात आहेत. तो औषध घेत नाही, हितकर गोष्टीतही प्रमाण जाणत नाही, आजार आहे तसा सांगत नाही. आपण तसे होऊ नये. किती गोळ्या घेतो, दारू पितो काय, हे डॉक्टरांना खरे सांगा. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर गोळ्या आणू नका. उरलेल्या गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. सवय जडली असेल तर एकाएकी थांबू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा.

घरचा कर्ता पुरुष गोळीच्या जोरावर कामाला जातो आणि पाकीट लपवतो. त्याला व्यसनी म्हणून हिणवू नका. तो रोगी आहे. त्याचा हात धरून त्याला दवाखान्यात न्या. रोग्याची सेवा तीच आपली सेवा, असे तथागतांनी भिक्खूंना शिकविले आहे.

भवतु सब्ब मंगलं!