भागिले कशाने?

जनावरांमुळे हवामानावर किती भार पडतो, हे सांगणारी आकडेवारी आज कुणालाही घरबसल्या बघता येते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आकडेवारी खुली आहे, हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीचे (आयपीसीसी) तक्ते खुले आहेत, आपली पशुगणना खुली आहे. सामान्य माणसाला सरकारच्याच कागदावर बोट ठेवून बोलता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र यातला कोणताही आकडा हाती आला की आधी एक गोष्ट विचारून घ्यावी: एकूण भाराला भागलं कशाने? जनावरांच्या संख्येने, दुधाच्या लिटरने, की जमिनीच्या एकराने? भाजक बदलला की दोषी बदलतो.

एकच तक्ता घेऊन हे पाहू. हरितगृह वायूंचा हिशोब कसा मांडावा, यासाठी आयपीसीसीने २००६ साली मार्गदर्शिका काढली. ज्या देशाकडे स्वतःची मोजमापं नाहीत त्याने वापरायचे आकडे तिच्यात दिले आहेत. गायीच्या पहिल्या, मोठ्या पोटात सूक्ष्मजीव चारा आंबवतात, त्यातून मिथेन तयार होतो आणि बहुतेक सगळा ढेकरांवाटे बाहेर पडतो. या तक्त्यानुसार उत्तर अमेरिकेतली एक दुभती गाय वर्षाला १२८ किलो मिथेन सोडते आणि भारतीय उपखंडातली ५८ किलो. म्हणजे आपली गाय निम्म्याहूनही कमी. इथे थांबलं तर आपण निर्दोष सुटतो, आणि आपल्याकडचे पुष्कळ लोक इथेच थांबतात.

त्याच तक्त्यात दुधाचाही उल्लेख आहे. तिकडची गाय वर्षाला सरासरी ८,४०० किलो दूध देते असं धरलं आहे, इकडची ९०० किलो. आता भागाकार करा. तिकडे किलोभर दुधामागे साधारण १५ ग्रॅम मिथेन पडतो, आपल्याकडे ६४ ग्रॅम. सव्वाचार पट! तीच गाय, तोच तक्ता, आणि निकाल उलटा.

लिटरमागे भागणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. गाय जे खाते त्यातला बराच भाग तिचा स्वतःचा देह चालता ठेवण्यात खर्च होतो. दोन लिटर देणारी असो की वीस लिटर देणारी, हा खर्च टळत नाही. जास्त दुधावर तो वाटला गेला की लिटरमागे कमी दिसतो. चांगला चारा, वेळेवर रेतन, रोगांना आळा यांनी तेवढ्याच जनावरांकडून जास्त दूध मिळालं तर शेतकऱ्याचंही भलं आणि हवेचंही. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

वाद पुढे आहे. भारतीय उपखंडाच्या आकड्यांशेजारी तक्त्यात एक छोटी टीप आहे. तिचा आशय असा, की इथली जनावरं मुख्यतः पिकांच्या उरल्यासुरल्या अवशेषांवर जगतात, शेतीची ओढकामं बैल करतात आणि इथली गुरं इतर सगळ्या प्रदेशांतल्या गुरांहून अंगाने लहान आहेत. आकडे उचलणारे ही टीप मागेच ठेवतात. माझ्या मते तक्त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

ती का, हे गोठ्यात दिसतं. माण, आटपाडी, सांगोला हा खिलार जातीच्या गुरांचा मुलूख. तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा गोठा नजरेसमोर आणा. ज्वारी खुडून कणसं खळ्यावर गेली, ताटं वाळवून पेंढ्या बांधल्या आणि कडब्याची गंज रचली. ज्वारी माणसांची, कडबा जनावरांचा. गायीसाठी वेगळी जमीन नांगरली नाही, वेगळं पाणी दिलं नाही. दिवसभर ती बांधावर, माळावर चरते आणि संध्याकाळी दावणीला कडबा, जमलंच तर मूठभर सरकी पेंड. सकाळी शेण उचललं जातं. काही गोवऱ्यांना जातं, उरलेलं उकिरड्यावर कुजून पावसाळ्याआधी शेतात जातं. तिचा खोंड मोठा होऊन औताला लागतो. या गायीचा सगळा मिथेन तिच्या लिटर-दोन लिटर दुधाच्या माथी मारायचा आणि शेणखत, गोवरी, खोंड यांच्या खात्यावर शून्य लिहायचं, याला मी अर्धवट हिशोब म्हणेन. माणसाला न पचणारा कडबा खाऊन ती माणसाचं अन्न तयार करते. जगभरचा पशुआहार धरला तरी त्यातला सुमारे ८६ टक्के भाग माणसाच्या खाण्याजोगा नसतो, असं अन्न व कृषी संघटनेच्या अभ्यासकांनी २०१७ साली मांडलं आहे.

बैलाचं तर आणखी विचित्र होतं, कारण त्याच्या मिथेनला भागायला लिटरच नाही. २०१२ ची पशुगणना आणि २०१९ ची विसावी पशुगणना शेजारी ठेवून पाहा. गोवंशातल्या नरांची देशातली संख्या ६ कोटी ७९ लाखांवरून ४ कोटी ७४ लाखांवर आली. सात वर्षांत ३० टक्के घट. बैल गेला आणि त्याच्या जागी ट्रॅक्टर आला. देशाच्या हरितगृह वायूंच्या अहवालात बैलाचा मिथेन शेतीच्या खात्यात पडतो आणि ट्रॅक्टरचं डिझेल ऊर्जेच्या खात्यात. म्हणजे बैल विकला की शेतीचं खातं आपोआप सुधारलेलं दिसतं, आणि डिझेलचा धूर दुसऱ्याच पानावर चढतो. बैल परत आणा असं मी म्हणत नाही. सलग पाळी घालायची आणि मजूर मिळत नाहीत, अशा वेळी ट्रॅक्टर ही शेतकऱ्याची गरज आहे. पण एका पानावरची घट म्हणजे एकूण भारातली घट, असं कुणी सांगितलं तर दुसरं पानही उघडायला सांगावं.

पाण्याचंही असंच. नेदरलँड्सचे अभ्यासक आर्येन हुक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये जलपदचिन्हाची, म्हणजे एखाद्या वस्तूमागे खर्च होणाऱ्या एकूण पाण्याच्या मोजमापाची, कल्पना मांडली. पुढे त्यांनी आणि त्यांचे सहकारी मेकोनेन यांनी केलेल्या हिशोबात किलोभर दुधामागे जगाची सरासरी सुमारे १,००० लिटर पाणी निघाली. हा आकडा ऐकून माणूस हबकतो. मात्र त्यातलं साधारण ८५ टक्के पाणी पावसाचं, म्हणजे गवताने आणि पिकाने जागेवरच शोषलेलं. माणच्या माळावर गाय चरली नाही तरी तो पाऊस तिथेच पडणार होता. याउलट संगमनेर-राहात्याकडच्या दूधपट्ट्यात विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर मका उभा करून मुरघास केला, तर लिटरमागचा मिथेन कमी दिसेल, पण त्या लिटरमध्ये भूजल आहे. दुष्काळी जिल्ह्यांच्या राज्याने यातला कोणता आकडा आधी पाहावा, हे वेगळं सांगायला नको.

लिटर हाच अंतिम भाजक मानला तर काय होतं, तेही नेदरलँड्सनेच दाखवलं. तिथल्या गायी दुधात जगात वरच्या रांगेतल्या, लिटरमागे भार कमी. पण महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढ्या देशात सुमारे ३८ लाख गायी-वासरं आणि कोटीहून अधिक डुकरं. त्यांचं बरंच खाद्य बाहेरून बोटीने येतं आणि शेण-मूत मात्र तिथल्याच जमिनीवर राहतं. त्यातून उठणारा अमोनिया, म्हणजे नायट्रोजनयुक्त वायू, आसपासच्या संरक्षित माळांवर आणि दलदलींवर बसत गेला. मे २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नायट्रोजन परवान्यांची योजनाच रद्द ठरवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये धडकले. दर लिटरमागे ते उत्तम होते. दर हेक्टरमागे जमिनीला सोसवेना.

आणि सरासरी किती झाकते, याचा पुरावा पूअर आणि नेमेसेक यांच्या २०१८ च्या अभ्यासात आहे. त्यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली. गोमांसाचे जास्त भार टाकणारे आणि कमी भार टाकणारे उत्पादक यांच्यात हरितगृह वायूंच्या बाबतीत बारा पटींचा फरक निघाला. एवढा फरक पोटात घेऊन बसलेला एकच सरासरी आकडा कुठल्याही गोठ्याला लावता येत नाही, खिलारच्या तर नाहीच.

कोरडवाहू मुलखासाठी मला चाऱ्याचा उगम हा भाजक योग्य वाटतो. लिटरमागे किती, जनावरामागे किती, हे पाहावंच. पण त्याआधी हा चारा माळावरचा, पिकाच्या अवशेषांचा, की पाणी पाजून मुद्दाम वाढवलेला, हे पाहावं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरस्त्या पशुपालकांची नोंद पहिल्यांदाच वेगळी घेण्याचं ठरलं, म्हणजे धनगरांचे कळप आता कागदावर दिसतील. त्याच तत्परतेने तालुक्या-तालुक्यातला चारा कुठून येतो आणि त्यातला किती पाण्यावरचा, ही माहिती नियमित गोळा करून पशुसंख्येच्या शेजारी जाहीर केली जावी. दूध संघांनी, शेतकरी संघटनांनी आणि पशुवैद्यक महाविद्यालयांनी पशुसंवर्धन खात्याकडे ही मागणी लेखी करावी, पुढच्या गणनेचा तक्ता ठरण्याआधी.