भिंत एकच, बाजू दोन

2025 च्या नाताळाआधी आमच्या घरातला जुना टीव्ही कायमचा बंद पडला. पिक्चर ट्यूबचा, पाठीला मोठे कुबड असलेला तो टीव्ही चाकांच्या ट्रॉलीवर असे. संध्याकाळी हॉलमध्ये आणि दुपारी आजीच्या खोलीत, असा तो घरभर फिरायचा. मेकॅनिकने उघडून पाहिले आणि सांगितले, "याचे पार्ट आता मिळत नाहीत. उगाच पैसे घालू नका."

नवा टीव्ही पातळ, भिंतीवर लावायचा, हे मुलांनी आधीच ठरवून टाकले होते. आमच्याजवळ बाजूला काढलेले पंधरा हजार रुपये होते. टीव्ही त्यातच आणि तो भिंतीवर बसवण्याची मजुरीही त्यातच.

आमची आजी दोन वर्षांपासून अंथरुणावर आहे. 2020 च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली तेव्हा आपल्यापैकी अनेकांना मोबाइलवर मिस्सा पाहण्याची सवय लागली. पुढे चर्च उघडले, आपण परत जाऊ लागलो. आजीचा मात्र मोबाइल सुटला नाही, कारण ती आता जाऊ शकत नाही. तळहाताएवढ्या पडद्यावर वेदीपाशी कोण उभे आहे ते तिला दिसत नाही. फादरना ती आवाजावरून ओळखते.

आम्ही दुकानात गेलो. टीव्हीचे माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके घेतात. 32 इंची म्हणजे 81 सेंटिमीटर, 43 इंची म्हणजे 109. कागदावर फरक हातभरही नाही. पण दुकानाच्या भिंतीवर मोठ्यांच्या रांगेत 32 इंची टीव्ही अगदी बिचारा दिसतो. मुलगा 43 इंचीसमोरून हलेना. विक्रेत्याने सांगितले की 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, अशी संधी सोडू नका. ते खरेच होते. तरीही 43 इंचीची किंमत चोवीस हजार होती. "वरचे नऊ हजार हप्त्याने द्या, महिना फक्त एक हजार, व्याज शून्य!"

शून्य व्याज! ऐकायला किती गोड! पण रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. ते कुठे प्रोसेसिंग फीमध्ये लपलेले असते, तर कुठे रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या सवलतीत. आम्ही रोखीचा भाव विचारला, तेव्हा तो बाराशे रुपयांनी कमी निघाला. पण खरा प्रश्न त्या बाराशे रुपयांचाही नव्हता. आमच्या घरातल्या महिन्याच्या प्रत्येक हजार रुपयांवर आधीच कोणाचे तरी नाव लिहिलेले आहे. एका हजारावर आजीच्या औषधांचे, एकावर मुलीच्या शिकवणीचे. हप्ता भरायचा तर त्यातले एक नाव खोडावे लागणार होते. कोणाचे, हे विक्रेत्याला ठाऊक नव्हते. आम्हांला होते.

त्या दिवशी काहीही न घेता आम्ही घरी आलो आणि भिंती पाहू लागलो. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिथे विजेची वस्तू लावणे बरे नव्हे. उरली ती हॉल आणि आजीची खोली यांच्यामधली विटांची पक्की भिंत. म्हणजे भिंत एकच, पण बाजू दोन. या बाजूला लावला तर टीव्ही हॉलचा, त्या बाजूला लावला तर आजीचा. जुन्या टीव्हीला चाके होती, म्हणून आम्हांला कधी निवड करावी लागली नाही. बोल्टने ठोकलेला टीव्ही फिरत नाही. भिंतीला भोक पाडण्याआधी विचारावेच लागते, हा टीव्ही कोणासाठी?

मुलगा म्हणाला, "पाहुणे आले तर हॉलमध्ये टीव्ही नको का?" मुलगी म्हणाली, "पाहुणे महिन्यातून एकदा येतात. आजी रोज इथेच असते." आजी आतून म्हणाली, "माझ्यासाठी नको रे. मी आता किती दिवसांची?" खरे सांगायचे तर आजीच्या या वाक्याने आम्हांला थोडे हायसे वाटले. आणि हायसे वाटले याचीच मग लाज वाटली.

तेव्हा आठवण झाली असिसीच्या संत क्लाराची. ही तेराव्या शतकातली संन्यासिनी. पोप बारावे पायस यांनी तिला 1958 मध्ये टेलिव्हिजनची आश्रयदाती संत म्हणून जाहीर केले. टेलिव्हिजनचा आणि तिचा काय संबंध? परंपरा सांगते की एका नाताळच्या रात्री ती आजारी असल्यामुळे उपासनेला जाऊ शकली नाही. तेव्हा अंथरुणावरूनच आपल्या खोलीच्या भिंतीवर तिला ती उपासना दिसली आणि ऐकूही आली. याच क्लाराने आयुष्यभर स्वतःच्या मालकीचे काहीही न ठेवण्याचा हट्ट धरला होता. ख्रिस्तसभेने टेलिव्हिजन सोपवला तो अशा बाईच्या हाती, जिच्या घरात विकत घेतलेली एकही चैनीची वस्तू नव्हती! आणि भिंतीवरचे ते पहिले चित्र दिसले ते घराबाहेर जाऊ न शकणाऱ्या माणसाला.

आम्ही टेप घेऊन मोजले. पडद्याच्या तिरक्या मापाच्या साधारण दीडपट ते अडीचपट अंतरावर बसावे, असा ढोबळ हिशेब सांगतात. हॉलमध्ये कोच भिंतीपासून आठ फुटांवर आहे, तिथे 43 इंची शोभला असता. आजीची खाट सहा फुटांवर, तिथे 32 इंची पुरेसा. म्हणजे किती मोठा हवा, याचे उत्तर कोणासाठी हवा यातच होते. पडून पाहणाऱ्यासाठी तो थोडा वर आणि पुढे झुकलेला हवा, म्हणून झुकणारे ब्रॅकेट घेतले. यूट्यूबवरची मिस्सा दिसावी म्हणून स्मार्ट टीव्ही घेतला. बाकी सारे साधे. मजुरीसकट पंधरा हजारांत बसले. जुना टीव्ही भंगारात फोडायला न देता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे पोहोचवला. त्याच्या काचेत शिसे असते, ते फोडणाऱ्या पोराच्या पोटात कशाला जावे?

सगळे गोडच झाले असे नाही. क्रिकेटचा सामना असला की सारे घर आजीच्या खोलीत जमते. कधी ती खूश असते, कधी गलक्याने दमते, मग टीव्ही बंद करावा लागतो आणि मुलगा धुसफुसतो. हॉलची भिंत रिकामी पाहून एका नातेवाइकाने विचारलेच, "अजून टीव्ही घेतला नाही का?" तेव्हा क्षणभर मन खट्टू झाले. पण रविवारी सकाळी आजी पडद्याकडे पाहून म्हणाली, "फादर बारीक झाले गं!" दोन वर्षांत तिने त्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता.

ज्यांच्याजवळ पैसा भरपूर असतो ते दोन्ही बाजूंना दोन टीव्ही लावू शकतात. त्यांना कोणी विचारत नाही, कोणासाठी? हात आखडता असला की हा प्रश्न टाळता येत नाही. कमी पैशात घर चालवणे कष्टाचे आहे, त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. गरिबाने करमणूक मागू नये, असेही आम्ही म्हणत नाही. आनंदावर सर्वांचाच हक्क आहे. एवढेच वाटते की टंचाईने आपल्याला एक प्रश्न फुकट दिला आहे, तो वाया जाऊ नये.

बंधुभगिनींनो, आपल्याही घरात काही नवे यायचे असेल. टीव्ही असेल, फ्रिज असेल, नाहीतर मुलाचा मोबाइल. किंमत विचारण्याआधी घरातल्या सर्वांत शांत माणसाकडे एकदा पाहू या. "माझ्यासाठी नको" असे जो म्हणतो, बहुधा त्याच्याच खोलीची भिंत रिकामी असते.