बाटलीतला मसाला

आमचे वसईकडचे ख्रिस्ती घर. खाणारी माणसे एकवीस. ईस्टर उलटला की मिरच्या, धणे, हळद उन्हात वाळवून, भाजून, कांडून वर्षाचा मसाला काळ्या बाटल्यांत ठासून भरायचा. त्याचे प्रमाण सुनांना सांगावे, लेकींना नाही. लेक ते सासरी नेईल! घरची वस्तू घरात राखावी, यात गैर काय, असे कोणी म्हणेल. पण कांडताना हातांची आग लेकींनीही सोसलेली असते. आणि ज्या मिरचीचा एवढा अभिमान, ती तरी आमची कुठली? पोर्तुगीजांनी समुद्रापलीकडून आणलेली. १७३९ साली त्यांचा अंमल वसईतून गेला, मिरची राहिली.

गेल्या नाताळात मी नणंदेला प्रमाण लिहून दिले. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद मागितला आणि मलाही कधी न सांगितलेले नागकेशर त्यात लिहायला लावले.