रिकामे हात

आमच्या माणदेशात कुणाकडं टक लावून बघितलं, की समोरचा लगेच विचारतो, "का रं, कुणाचा तू?" बघणाऱ्याला आपली ओळख द्यावी लागते. बघणं तिथं एकतर्फी नसतं. 1984 साली मी जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आलो. रोज माणसांची स्केचेस काढायची होती. पहिल्याच आठवड्यात ध्यानात आलं, की मुंबईत हजार माणसं न्याहाळली तरी कुणी काही विचारत नाही. चित्रकाराला ही सोयच वाटते. पण सोय म्हणजे हक्क नव्हे.

नवशिक्याला कोण सापडतं? जो हलत नाही तो. बोरीबंदरला गाठोड्याला टेकून झोपलेला उतारू, नाहीतर दादरच्या फूलबाजारात पाटीत मान टाकून पेंगणारा हमाल. पैसेवालाही झोपतो, पण दाराआड. उघड्यावर भेटतो तो गरीब. म्हणून आपल्या वह्या गरिबांनीच भरतात, आणि त्याला आपण अभ्यास म्हणतो.

मी लालबागला गावकीच्या खोलीत राहायचो. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते. कितीतरी जणांना पुन्हा काम मिळालंच नाही. आमच्या खोलीतले नाना त्यातलेच. दुपारभर भिंतीला टेकून, हात गुडघ्यांवर टाकून बसायचे. मी विचारलं, "नाना, तसंच बसता का? चित्र काढतो."

नानांनी हात मागं घेतले. "साच्यावर हुतो तवा आला असतास, तर काढ म्हणलो असतो. आता ह्ये रिकामं हात गावाला दावणार हाईस व्हय?"

नानांना चित्राचं वावडं नव्हतं. चित्र टिकतं, हे त्यांना पुरतं कळलं होतं. माणसाची एक पडती दुपार कागदावर कायमची होऊन बसते.

मग काढूच नये का? तेही पटत नाही. कोल्हापूरचे धुरंधर 1890 साली जे.जे.त आले. 1912 च्या 'बायवेज ऑफ बॉम्बे'तली त्यांची चित्रं आहेत, म्हणून त्या वेळची साधी माणसं आज आपल्याला दिसतात. परळ-लालबागला आता गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत. तिथली माणसं कुणी काढलीच नाहीत, तर ती होती हे कोण सांगणार?

माझ्यापुरता मी तोडगा काढला. माणूस जागा असावा आणि आपण त्याला दिसू अशा जागी बसावं. त्यानं तोंड फिरवलं तर पेन्सिल थांबवावी, वही मागितली तर द्यावी. गर्दीत प्रत्येकाची परवानगी घेता येत नाही, पण नाही म्हणायला त्याला वाव ठेवता येतो. यात चांगली चित्रं हातची जातात. जाऊ द्यावीत.

राहतात ती कामातली माणसं. हार ओवणारीची बोटं थांबत नाहीत, पाटी उचलणाऱ्याचा खांदा क्षणात बदलतो. रेघ परत परत मारावी लागते. पण त्या रेघेत माणसाचं कसब उतरतं, आणि ते कुणालाही दाखवायला त्याची हरकत नसते.