भोंगा आणि सावली

डोंगरमाथ्यावरच्या एका छोट्या उपग्रह केंद्रात एक तरुण तंत्रज्ञ नुकताच लागला होता. कामाला वाघ, हातात कायम पाना. सप्टेंबर सरता सरता एका दुपारी पावणेबाराला भोंगा वाजला. रिसीव्हचं लॉक सुटलं, लाल दिवा लागला. उपग्रह ऐकू येईना की मोडेम बोलणंही थांबवतो, म्हणून पाठोपाठ ट्रान्समिटचाही दिवा पेटला. पोराने धावत जाऊन मोडेम बदलला. लॉक आलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भोंगा. त्याने आतली केबल बदलली, लॉक आलं. तिसऱ्या दिवशी तो डिशवर चढला आणि एलएनबी, म्हणजे आलेला सिग्नल वाढवणारा भाग, नवा बसवून आला. पुन्हा लॉक. वहीत त्याने अभिमानाने लिहिलं: तीन बिघाड, तिन्ही दुरुस्त.

चौथ्या दिवशी केंद्रातले ज्येष्ठ तंत्रज्ञ, रजेवर गेलेले काका, परतले. त्यांनी वही वाचली.

“बिघाड तीन, आणि वेळ एकच?”

तेवढ्यात भोंगा वाजला. पोरगा पाना घेऊन उठला. काकांनी त्याचं मनगट धरून त्याला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरपुढे उभं केलं. पडद्याच्या तळाशी नॉइजचं जे गवत असतं, ते वर आलं होतं आणि उपग्रहाचा सिग्नल त्यात बुडाला होता.

“एलएनबी मेला की हे गवत खाली बसतं. आज ते वाढलंय. काही गेलेलं नाही रे, बाहेरून काहीतरी जास्तीचं येतंय.”

मग ते त्याला बाहेर घेऊन गेले. डिशपुढच्या फीडची सावली बरोबर डिशच्या मधोमध पडली होती. पोरगा तिच्याकडे बघतच राहिला.

वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, काही दिवस सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे येतो. छत्तीस हजार किलोमीटरवरून आलेला क्षीण सिग्नल त्याच्या रेडिओलहरींपुढे टिकत नाही. सूर्य सरकला की लॉक आपोआप येतं.

“म्हणजे काका, मी काहीच दुरुस्त केलं नव्हतं?”

“नाही. सूर्य सरकत होता आणि श्रेय तुझा पाना घेत होता.”

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण घाईत एलएनबी बदलताना पोराने कनेक्टरला जलरोधक टेप गुंडाळलीच नव्हती. दोन दिवसांनी परतीचा पाऊस कोसळला आणि रात्री भोंगा वाजला. या वेळी गवत खाली बसलं होतं. रात्रभर केंद्र मुकं राहिलं. सकाळी काकांनी कनेक्टर उघडला: आत पाणी, तांब्याच्या तारेवर हिरवट गंज. एलएनबीला वीज त्याच केबलमधून जाते. चांगलं चाललेलं यंत्र आपल्याच हाताने बिघडवल्याचं दुःख काय असतं, ते त्या पोराच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काका रागावले नाहीत. टेपचं रीळ त्याच्या हातात देऊन शिडी धरून उभे राहिले.

पुढच्या मार्चमध्ये एका दुपारी, बारा वाजून दोन मिनिटांनी, भोंगा वाजला. पोराने आधी घड्याळ पाहिलं, मग गवत, मग बाहेर जाऊन सावली. तिन्ही वहीत लिहिलं. पाना खुंटीवरच होता. सात मिनिटांनी लॉक आलं.