मांत्रिक आणि त्याचे सोबती

खेळाचा विचार गंभीरपणें करणें हें पुष्कळांस हास्यास्पद वाटतें. परंतु न्याय म्हणजे काय, हा प्रश्न मनुष्यास पहिल्यानें पडतो तो बहुधा खेळांतच. विटीदांडूच्या डावावरून झालेलें भांडण हा आपल्यापैकीं बहुतेकांचा या विषयांतील पहिला पाठ होय. म्हणून एका खेळांतील प्रश्न आज वाचकांपुढें मांडतांना क्षमा मागण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

हा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेंतील गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. चारपांच मंडळी मेजाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंगाचें वर्णन करितो; बाकीचे योद्धा, पुरोहित, चोर, मांत्रिक अशीं पात्रें घेऊन 'मी आतां अमुक करितों' असें सांगत कथा पुढें नेतात, आणि यशापयशाचा निर्णय फाशांवर सोंपवितात. येथें कोणी कोणास हरवीत नाहीं. सारे सोबती एकाच बाजूचे. आणि तरीही एक वाद या खेळाच्या आरंभापासून चालत आला आहे: मांत्रिकास सामर्थ्य द्यावें तरी किती?

जेथें स्पर्धाच नाहीं तेथें बरोबरी कशास हवी, असा आक्षेप सहज निघेल. आम्हीही तसेंच समजत होतों. आमच्या घरीं रविवारीं भाच्याचे मित्र व मैत्रिणी हा खेळ खेळण्यास जमतात. त्यांतील एका मुलीनें चोराचें पात्र घेतलें होतें. कुलुपें उघडणें हीच तिची विद्या. तिसऱ्या रविवारीं एकदांचें कुलूपबंद दार आलें. तिनें फासा उचलला, तोंच मांत्रिक झालेला मुलगा म्हणाला, 'थांब, माझ्याजवळ मंत्र आहे,' आणि दार उघडलें. त्यांत तिचें कांहींच बिघडलें नाहीं. दार उघडणें सर्वांच्याच हिताचें होतें. पण तिनें फासा खालीं ठेवला, आणि जातांना आमच्या बहिणीस विचारलें, 'काकू, पुढच्या रविवारीं मी कशाला येऊं?'

या 'कशाला'चें उत्तर खेळाच्या कर्त्यांनीं वेळोवेळीं निरनिराळें दिलें आहे. पहिलें उत्तर काळाच्या हवालीं करण्याचें. मूळ खेळांत मांत्रिकास शस्त्र खंजिराचें, अंगावर चिलखत नाहीं, आणि आरंभीं मंत्र एकच. तोही उच्चारतांच स्मृतींतून पुसला जावयाचा. ही कल्पना जॅक व्हॅन्स या कादंबरीकाराच्या १९५० सालच्या 'द डायिंग अर्थ' या पुस्तकावरून घेतलेली. १९७८ च्या नियमांत आघात सोसण्याची शक्ति ठरविण्यास योद्ध्याला दहा बाजूंचा फासा, तर मांत्रिकास चार बाजूंचा. दुसरी पायरी गाठण्यास योद्ध्याला २००१ अनुभवगुण पुरत, मांत्रिकास २५०१ लागत. या दुबळेपणाची फेड पुढें व्हावयाची. वरच्या पायऱ्यांवर तोच मांत्रिक सर्वांस मागें टाकी. म्हणजे पूर्वार्धांत एकानें उपाशी बसावें आणि उत्तरार्धांत दुसऱ्यानें. दोन अन्यायांची बेरीज केल्यानें न्याय होत नाहीं. शिवाय मंडळी मध्येंच मोडली तर फेड राहूनच जाते.

दुसरें उत्तर समानतेचें. २००८ च्या चौथ्या आवृत्तींत सर्व पात्रांचीं सामर्थ्यें एकाच सांच्यांत ओतलीं: कांहीं वाटेल तेव्हां वापरण्याचीं, कांहीं चकमकींत एकदां, कांहीं दिवसांतून एकदां. तागडी समतोल झाली. परंतु तलवार आणि मंत्र यांची चव एकच लागूं लागली, अशी पुष्कळ खेळणारांची तक्रार झाली.

२०१४ च्या पांचव्या आवृत्तीनें मधला मार्ग धरिला. लहान मंत्र हवे तितके. मोठे मोजके, आणि दीर्घ विश्रांतीनंतर पुन्हां मिळणारे. ज्यांस चित्त एकाग्र ठेवावें लागतें असे मंत्र एका वेळीं एकच. तरीही सतराव्या पायरीवर मांत्रिकास जवळजवळ हवें तें घडविणारा इच्छामंत्र लाभूं शकतो; योद्ध्याला विसाव्या पायरीवर मिळतें काय, तर एका दमांत तीन वारांऐवजीं चार. सूत्रधाराच्या ग्रंथांत दिवसाकाठीं सहा ते आठ चकमकी गृहीत धरल्या होत्या. परंतु एका चकमकीनंतरच मंडळी निजूं लागली, तर मांत्रिक प्रत्येक वेळीं भरल्या हातानेंच उठतो.

आमच्या मतें मर्म येथेंच आहे. मंत्र मोजके असणें ही मांत्रिकास दिलेली शिक्षा नव्हे. सोबत्यांची गरज भासावी म्हणून ठेवलेली ती जागा आहे. शेवटचा मंत्र पुढच्या संकटासाठीं राखावयाचा असेल, तर कुलपापाशीं तो आपण होऊन म्हणेल, 'हें तूं कर.' सोबत्यांतील न्याय सामर्थ्य समान असण्यांत नाहीं. प्रत्येकाची कोणास तरी खरी गरज असण्यांत आहे. घरांतही 'राहूं दे, मीच करितों' म्हणणारा कर्ता पुरुष दुष्ट नसतो, बहुधा प्रेमळच असतो. पण त्याच्या छायेंत बाकीच्यांचे हात निकामी होतात. अशा माणसाच्या केवळ सौजन्यावर विसंबून राहणें बरें नव्हे. दुसऱ्यास वाव देणें ज्यांत त्याच्याही सोयीचें ठरेल, असा नियम हवा.

आमच्या भाच्यानें सूत्रधार या नात्यानें एवढेंच ठरविलें कीं, गुहेंतून बाहेर पडेपर्यंत कोणास निजतां यावयाचें नाहीं. बहिणीनें समजूत घातल्यामुळें ती मुलगी पुढच्या रविवारीं आली. संध्याकाळच्या सुमारास दुसरें कुलूप आलें, तेव्हां मांत्रिकाजवळ एकच मंत्र उरला होता. त्यानें आपल्या कागदाकडे पाहिलें, मग तिच्याकडे पाहिलें, आणि फासा तिच्यापुढें सरकविला.